ओरत्तनाडूचे छत्र आणि विधवेचे घर

शास्त्रपाठ : २ राजे ४:१-७, याकोब १:२७



आमच्या मंडळीतील एक तरुण दांपत्य पूर्व आफ्रिकेतील एका खेड्यात मुलांसाठी ख्रिस्ती बालगृह उघडण्याच्या तयारीला लागले आहे. तो शेतकी पदवीधर, ती परिचारिका. दोघांचेही पाचारण खरे आहे, याविषयी मला शंका नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांचे पत्र आले. पत्रासोबत एक यादी होती : चाळीस खाटा, एक विंधनविहीर, स्वयंपाकघर, उपासनेची खोली, कुंपण. शेवटी लिहिले होते, "काका, निरोपाच्या उपासनेत वचन तुम्हीच सांगावे, आणि आमच्या तयारीत काही राहिले असल्यास तेही सांगावे."

ते पत्र पिशवीत घेऊनच मी तंजावरला गेलो. काम दुसरेच होते. सरस्वती महाल ग्रंथालयातील जुन्या मराठीचे काही नमुने पाहावयाचे होते. दीडदोनशे वर्षांपूर्वी, महाराष्ट्रापासून इतक्या दूर, आपली भाषा कशी बोलली आणि लिहिली जात होती, हे भाषांतर करणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले बरे असते. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ सालचा भोसले घराण्याच्या इतिहासाचा मराठी शिलालेख आहे, तो वाचता वाचता मान दुखून येते. १८०५ साली श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. त्याच सुमारास तंजावरास सरफोजी राजांनी देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ साली तेथून 'बाळबोध मुक्तावली' हे इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक बाहेर पडले. मराठी मुद्रणाच्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एक लहान मुलांसाठी होते, आणि ते तमिळ देशात छापले गेले, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक असेल?

ग्रंथालयाला सुट्टी होती त्या दिवशी मी बसने ओरत्तनाडूला गेलो. तंजावराहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने सुमारे पंचवीस किलोमीटर. दोन्ही बाजूंस भाताची खाचरे आणि नारळ. २०१८ च्या नोव्हेंबरात 'गजा' चक्रीवादळाने या भागातील नारळीच्या बागा आडव्या केल्या होत्या. बसमधील शेजारी मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला तेच सांगत राहिला. गावात सरफोजी राजांनी १८०२ च्या सुमारास बांधलेले मुक्तांबाळ छत्र आहे. मुक्तांबाळ ही राजाच्या प्रीतीतली स्त्री. लग्नाची राणी नव्हे. मरतेसमयी तिने आपल्या नावाने अन्नदानाचे छत्र बांधावे अशी इच्छा सांगितली, अशी तेथील परंपरा आहे. राजाने तिचे नाव केवळ इमारतीला दिले नाही, गावालाही दिले. ओरत्तनाडूचे दुसरे नाव मुक्तांबाळपुरम्.

प्रवचनात राजेरजवाड्यांची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. थोडा धीर धरावा. या कथेचा धागा जर्मनीतील एका अनाथालयापर्यंत जातो आणि तेथून फिरून आपल्या शास्त्रपाठापर्यंत येतो.

ऑगस्ट हेर्मान फ्रांके या भाविक पाळकाने १६९५ साली हाले येथे आपल्या गोरगरिबांच्या पेटीत सापडलेल्या चार थालर व सोळा ग्रोशनच्या भांडवलावर गरीब मुलांची शाळा सुरू केली. काही वर्षांतच तेथे मोठे अनाथालय उभे राहिले. त्याच हालेमध्ये पुढे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ नावाचा तरुण शिकला. तमिळ पवित्र शास्त्राच्या छपाईस हातभार लावावा म्हणून त्याने तेथेच तमिळ भाषा शिकावयास घेतली, आणि १७५० साली तो तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर उतरला. पुढची अठ्ठेचाळीस वर्षे तो परत गेला नाही. लग्नही केले नाही. १७८१ च्या सुमारास हैदरअलीच्या स्वारीमुळे तंजावर प्रांतात भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा या मनुष्याने आधीच साठवून ठेवलेल्या तांदळावर कित्येकांचे प्राण वाचले. गावकरी किल्ल्यात धान्य आणावयास तयार नव्हते, कारण सरकारने पूर्वी त्यांचे पैसे बुडविले होते. श्वार्ट्झने शब्द दिला तेव्हा त्यांनी बैल दिले.

आता सरफोजींकडे येऊ. ते १७७७ साली भोसल्यांच्या दुसऱ्या शाखेत जन्मले. तुळजाजी राजांना वारस उरला नव्हता. त्यांनी १७८७ च्या आरंभी या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले, आणि लगेच स्वतः मरणपंथाला लागले. मुलाला त्यांनी श्वार्ट्झच्या हाती देऊ केले. हा माझा नव्हे, आता तुमचाच मुलगा, अशा अर्थाचे राजाचे बोलणे होते. वाचकहो, विचार करा. मिशनऱ्याच्या हाती राजपुत्र येत आहे! आपल्यापैकी कोणी असता तर यास दैवी संधी म्हणून दोन्ही हात पुढे केले असते आणि त्याची बातमी पुढच्याच अंकात छापून आली असती. श्वार्ट्झने नाही म्हटले. मुलाचे पालकत्व त्याच्या चुलत्याकडे, अमरसिंहाकडे, असावे असे त्याने सुचविले. आपण महिन्यातून एकदोनदा भेटू, योग्य तो सल्ला देऊ, पण मूल आपल्या माणसांत असावे, असे त्याचे म्हणणे.

आणि हा निर्णय फसला. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अमरसिंहाने सिंहासन स्वतःकडे घेतले आणि मुलाला अंधाऱ्या कोठडीसारख्या जागी, शिक्षणावाचून कोंडून ठेवले. आप्तांच्या घरी मूल सुखरूप असतेच असे नाही. ज्यांनी पोलीस ठाण्यात किंवा इस्पितळात काम केले आहे त्यांना हे मी सांगावयास नको. परंतु श्वार्ट्झने मुलाला चुलत्याच्या हवाली करून हात झटकले नव्हते. तो जात राहिला, विचारत राहिला, सरकारला पत्रे लिहीत राहिला. आणि १७९३ साली त्याने सरफोजीला मद्रासेस हलविण्याची व्यवस्था केली. तेथे गेरिके नावाच्या त्याच्या सहकारी मिशनऱ्याने मुलाच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. माझ्या मनाला विशेष लागलेली गोष्ट ही की मुलगा एकटा गेला नाही. मृत राजाच्या विधवा राण्यांनाही त्याच्याबरोबर मद्रासेस नेण्यात आले.

अनाथ आणि विधवा. येथे मी भाषांतरकार म्हणून थोडे बोलतो, रजा असावी.

जुन्या करारात आपण ज्याला 'अनाथ' किंवा 'पोरका' म्हणतो त्यासाठी इब्री शब्द आहे 'यातोम'. आपल्या कानाला 'अनाथ' म्हणजे आईबाप दोन्ही नसलेले मूल. 'यातोम'चा अर्थ तसा नाही. यातोम म्हणजे ज्याचा बाप नाही असे मूल. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात देव इशारा देतो की तुम्ही गरिबांना छळाल तर तुमच्या स्त्रिया विधवा होतील आणि तुमची मुले यातोम होतील. म्हणजे आई जिवंत आहे, आणि तरी मूल यातोमच! विलापगीताच्या पाचव्या अध्यायातही लोक आपण यातोम झालो म्हणून रडतात आणि त्याच ओळीत आपल्या आयांना विधवांची उपमा देतात. म्हणूनच नियमशास्त्रात हे दोन शब्द बहुधा जोडीने येतात. ती दोन निराळ्या दुःखितांची नावे नव्हेत. पुष्कळदा ती एकाच घरातील दोन माणसे आहेत, आई आणि तिचे लेकरू.

एकदा हे ध्यानात आले म्हणजे नियमशास्त्रातील तरतुदी निराळ्या दिसू लागतात. शेतात विसरलेली पेंढी उचलू नये, जैतुनाचे झाड दुसऱ्यांदा झोडपू नये, द्राक्षांचा सरवा घेऊ नये. ते परक्यासाठी, यातोमासाठी आणि विधवेसाठी. दर तिसऱ्या वर्षी दशमांश गावाच्या वेशीच्या आत साठवावा, म्हणजे ते येऊन खातील आणि तृप्त होतील. सणाला तुमच्या पंगतीत ते असावेत. हे सर्व कोठे घडते? त्यांच्याच गावात, त्यांच्याच शेजाऱ्यांच्या खळ्यावर. मुलाला आईपासून उचलून पवित्र मंदिराच्या आवारात आणून ठेवा, असे मला अनुवादाच्या पुस्तकात आढळले नाही. शमुवेलाचे उदाहरण कोणी देईल. तो नवसाचा मुलगा. त्याचे आईबाप दोघेही जिवंत होते आणि आई दरवर्षी त्याच्यासाठी अंगरखा शिवून नेत असे. तो अनाथालयाचा दाखला नव्हे.

नव्या करारात 'ऑर्फनॉस' हा ग्रीक शब्द दोनच ठिकाणी येतो. एक योहानाच्या चौदाव्या अध्यायात, जेथे आपला प्रभू शिष्यांना पोरके सोडणार नाही असे अभिवचन देतो. दुसरा याकोबाच्या पत्रात, आणि तेथेही विधवा शेजारीच उभी आहे! याकोब जे क्रियापद वापरतो त्यात जाऊन भेटणे, चौकशी करणे, काळजी वाहणे हे सर्व येते. आपल्या जुन्या भाषांतरकारांनी तेथे 'समाचार घेणे' हे शब्द घातले, आणि मराठीने या स्थळी ग्रीकला फार सुरेख न्याय दिला असे मी मानतो. समाचार घ्यावयाचा तर आपण त्यांच्या दारी जावे लागते. त्यांना आपल्या दारी आणून त्यांचा समाचार घेता येत नाही.

आता अलीशाकडे. संदेष्ट्यांच्या मंडळातील एक मनुष्य मरण पावला आहे. मागे कर्ज आहे. सावकार दोन मुलांना दास करून नेण्यासाठी दारात आला आहे. विधवा आकांत करीत अलीशाकडे येते. अलीशाजवळ संदेष्ट्यांचे मोठे मंडळ होते, त्यांचा एकत्र स्वयंपाक होत असे, हे त्याच अध्यायाच्या शेवटी आपण वाचतो. दोन पोरांना मोठ्या हंड्यातले कालवण वाढणे त्याला जड नव्हते. मुले इकडे आण, आम्ही सांभाळतो, असे तो म्हणू शकला असता. त्याने तिला विचारले की तुझ्या घरी काय आहे. कुपीभर तेल होते. त्याने तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास सांगितले, थोडीथोडकी नव्हे. मग तिने आत जाऊन दार लावून घ्यावे, मुलांनी भांडी पुढे करावी, आईने ओतावे. संदेष्टा स्वतः त्या खोलीत नव्हता. त्या चमत्काराचा साक्षीदार आई आणि दोन मुले यांखेरीज कोणी नाही. (आज असते तर देणगीदारांच्या पत्रकासाठी छायाचित्र घेतल्याशिवाय आपण दार लावू दिले नसते.) तेल विकून तिने कर्ज फेडले आणि उरलेल्यावर तिची व मुलांची उपजीविका झाली. मुले घरातच राहिली. एलीयानेही सारफथाच्या विधवेचा मुलगा उठवून माडीवरून खाली आणला तो तिच्याच हाती दिला. नाईनच्या वेशीवर आपल्या प्रभूने मेलेल्या तरुणाला उठविले आणि लूक मुद्दाम सांगतो की त्याने त्याला त्याच्या आईच्या स्वाधीन केले. हे वाक्य मी किती वर्षे नुसते भाषांतरित करीत होतो!

आता मला एक गोष्ट कबूल करावयाची आहे. ती मी आजवर लिहिली नाही.

सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलो होतो तेव्हा एका वसतिगृहाचा पत्रव्यवहार माझ्याकडे होता. मुलांची माहिती इंग्रजीत लिहून परदेशी दात्यांना पाठवावयाची आणि त्यांची उत्तरे मुलांना मराठीत वाचून दाखवावयाची, असे काम. प्रवेशाच्या वहीत एका सात वर्षांच्या मुलापुढे 'अनाथ' असा शेरा होता. मी तसेच लिहिले. वैशाखात एके दिवशी फाटकाशी एक बाई येऊन बसली. ऊसतोडीहून टोळी परतली होती. पदरात गुळाची ढेप बांधलेली. ती त्या मुलाची आई होती. बाप गाडीखाली सापडून मेला होता, आणि थळात पोराला कोठे ठेवावे हा प्रश्न होता म्हणून तिने त्याला आमच्याकडे घातले होते. मुलगा तिच्याजवळ जाईना. त्याच दिवशी दात्याचे पत्र आले होते. मुलाने हौसेने ते वाचावयास सांगितले, आणि आईही ऐकावयास सरकून बसली. पत्राचे दुसरेच वाक्य असे होते की तुझी आई वारली हे वाचून आम्हांला फार दुःख झाले.

मी ते वाक्य गाळले. पुढचे वाचले : त्यांच्या गावी बर्फ पडला आहे, त्यांना एक कुत्रा आहे. आई हसली. भाषांतरात एकही शब्द गाळू नये असे शिकलेला मी, आणि माझ्या हातून जाणूनबुजून गाळलेले पहिले वाक्य ते. दात्याला मी दुरुस्तीचे पत्र लिहिले नाही, कारण तसे केल्यास मुलाचे पैसे थांबतील अशी मला भीती होती, आणि ती भीती अगदीच खोटी नव्हती. वर्षाला त्या मुलावर जितका खर्च होत होता त्याच्या निम्म्यात, ऊसतोडीच्या हंगामापुरती, गावातच एखाद्या आजीकडे किंवा मावशीकडे त्याची सोय झाली असती की काय, हे कोणी विचारले नाही. मीही नाही. वहीत तसा रकानाच नव्हता.

ओरत्तनाडूच्या छत्रासमोर बसलो असता हे सर्व पुन्हा वर आले.

१८०१ साली छत्रांच्या उत्पन्नाचा प्रश्न निघाला तेव्हा सरफोजी राजांनी इंग्रज रेसिडेंटाला एक पत्र लिहिले. रामेश्वराच्या वाटेवरील या छत्रांत काय काय चालते, ते त्यात सांगितले आहे. सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न. तान्ह्या मुलांना दूध. आजाऱ्याला वैद्य आणि पथ्याचे जेवण. गरोदर स्त्री तेथे बाळंत झाली तर औषधपाणी आणि पुढे तीन महिने राहण्याची मुभा. आणि मग परक्या वाटसरूंच्या पोरक्या मुलांचा उल्लेख येतो. त्यांना छत्रातील पंतोजीच्या देखरेखीखाली ठेवीत. दिवसातून तीनदा जेवण, चार दिवसांनी तेल लावून न्हाणे, लागेल तेव्हा औषध, कपडे. ज्या विद्येची आवड मूल दाखवील ती विद्या त्याला शिकवीत, आणि शिक्षण पुरे झाल्यावर त्याच्या लग्नाचा खर्चही छत्रातून होई.

हे सर्व करणारा राजा ख्रिस्ती नव्हता, पुढेही झाला नाही. परंतु ज्याला स्वतःला लहानपणी अंधारात कोंडले होते, त्याला मुलाच्या डोक्यावर दर चार दिवसांनी तेल पडले पाहिजे हे सुचते. मला येथे तीन गोष्टी दिसल्या. छत्राने जी मुले पदरी घेतली ती वाटेत आईबाप गेलेली, गावगोत नसलेली मुले. एस्तेरेला मर्दखय होता, यांना तोही नव्हता. जिचे मूल अजून पोटात आहे तिची काळजी छत्राने आधी घेतली, म्हणजे मूल पोरके होण्याआधीच. आणि मूल मोठे झाल्यावर त्याला फाटकाबाहेर सोडून दिले नाही, संसार मांडून दिला. आमच्या बालगृहांत अठराव्या वाढदिवसाला केक कापतात आणि दुसऱ्या दिवशी ट्रंक बाहेर काढतात. मी पाहिले आहे. २०१५ च्या आपल्या बाल न्याय कायद्यातही अठरा वर्षांनंतरच्या आधाराची तरतूद आहे. पण ती कागदावरून उतरवावयाची तर कोणाला तरी त्या तरुणाची खोली, नोकरी, लग्न यांत वर्षानुवर्षे गुंतावे लागते.

याच तालुक्यात कण्णन्तंगुडी नावाचे गाव आहे. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ प्रभूमध्ये निजला, आणि त्याच वर्षी जूनअखेर सरफोजी गादीवर आले. श्वार्ट्झचा मानसपुत्र कोलहॉफ आणि त्याचे सोबती यांच्या वृत्तान्तांत नमूद आहे की राजाने कण्णन्तंगुडी येथे मिशनच्या पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची व्यवस्था केली, आणि त्याच ठिकाणी तीस गरीब ख्रिस्ती माणसांनाही अन्नवस्त्र दिले जाई. तंजावरच्या देवळात फ्लॅक्समनने घडविलेले संगमरवरी शिल्प आहे. मरणशय्येवरील श्वार्ट्झचा हात राजाने धरला आहे आणि पलंगाशी शाळेतील मुले उभी आहेत. पाहुणे ते शिल्प पाहून परततात. कण्णन्तंगुडीला कोणी जात नाही. परंतु मला ते स्मारक अधिक मोठे वाटते : एका हिंदू मराठी राजाने ख्रिस्ती मुलांसाठी चालविलेले घर, आणि त्या घरी मुलांबरोबर मोठी माणसेही.

आमच्या तरुण दांपत्याला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती त्यांच्या वाटेवरची आहे. नाशिकजवळ शरणपूर येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने ख्रिस्ती वसाहत केली. अरबी गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथील आश्रमात वाढली. सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७३ साली लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूसमयी त्याच्या तांड्यात होता. पुरलेल्या हृदयावर अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली आणि झाडावर नाव कोरले. पुढे याच शरणपूरचे कितीतरी आफ्रिकी ख्रिस्ती मोंबासाजवळ फ्रीअरटाउन येथे मुक्त गुलामांमध्ये सेवेस गेले. ती मुले खरोखरच सर्वस्व हिरावलेली होती. त्यांना आसरा देणे हे देवाचेच काम होते. तरीही 'जेकब वेनराइट' हे नाव त्याच्या आईने ठेवलेले नव्हते. ते आईचे नाव आज कोणास ठाऊक नाही. उत्तम बालगृहातही एवढे हरवते.

पंडिता रमाबाईंचे काय, असे तुम्ही विचाराल. त्यांचे भाषांतर माझ्या मेजावर रोज उघडे असते. त्यांनी स्वतः दुष्काळात आईबाप गमावले होते. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. मुक्ती सदनात विधवाही होत्या आणि विधवांची मुलेही. अनाथ आणि विधवा एकाच आवारात राहिल्या, आणि त्याच स्त्रियांनी रमाबाईंच्या मराठी पवित्र शास्त्राचे खिळे जुळविले. ते १९२४ साली पूर्ण छापून निघाले. त्या १९२२ च्या एप्रिलात प्रभूकडे गेल्या होत्या. बालगृहे नसावीत असे मी म्हणत नाही. दुष्काळ, युद्ध, साथ यांत कोणीच उरले नाही तर दार उघडावेच लागते, आणि ज्या घरात मुलाला मारहाण होते, विटाळले जाते, तेथून त्याला काढावेच लागते. सरफोजीला काढले तसे.

पण आजची माहितीही लक्षात घेतली पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीच्या व्याख्येत एक पालक गेलेले मूलही अनाथ गणले जाते, म्हणून आफ्रिकेतील अनाथांचे जे मोठमोठे आकडे आपण प्रार्थनासभेत ऐकतो त्यांतील बहुतेकांना आई किंवा बाप आहे. ती मुले 'ऑर्फन'पेक्षा 'यातोम' आहेत. २००९ साली संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत केवळ गरिबी हे मूल घरातून हलविण्याचे कारण होऊ नये असे सांगितले आहे. रवांडाने २०१२ पासून आपल्या बालगृहांतील मुले कुटुंबांत परत पाठविण्याचे धोरण घेतले. खेड्यात चाळीस खाटा, तीन वेळचे जेवण आणि इंग्रजी शाळा उभी राहिली की चाळीस मुले येतात, हे निश्चित. भुकेली आई दुसरे काय करील? खाटा आधी बांधल्या तर त्या भराव्या लागतात. दात्यालाही रिकामी खाट दाखविता येत नाही.

तंजावरच्या लॉजमध्ये त्या रात्री मी उत्तर लिहिले. माझे गाळलेले वाक्यही त्यात लिहिले. यादीत आणखी एक ओळ घालावी असे सुचविले : पहिले वर्ष खाट एकही नाही. त्या वर्षात तिने परिचारिका म्हणून घरोघर जावे, बाळंतिणी पाहाव्या. त्याने शेती पाहावी. आणि प्रत्येक मुलापुढे वहीत आई, आजी, मामा, चुलता असे रकाने करून ते भरावे. तेथील मंडळीच्या वडिलांना विचारावे की कोणत्या घरी काय आहे. सरकारी परवानगी घेतल्यावाचून एकही मूल ठेवून घेऊ नये. ज्याच्यापुढचे सर्व रकाने खरोखरच कोरे राहतील, किंवा ज्याच्या घरातच त्याला धोका असेल, त्याच्यासाठी मग घर बांधावे. आणि ते बांधताना त्याच्या लग्नापर्यंतचा खर्च आजच मोजावा.

उत्तर यावयास तीन आठवडे लागले. तिचे अक्षर होते. तिने लिहिले की दोघे दोन दिवस एकमेकांशी नीट बोलले नाहीत. खाटांसाठी पैसे दिलेल्या एका कुटुंबाला काय सांगावे, हा त्यांच्यापुढे मोठा प्रश्न होता. ते कुटुंब रागावले आहे आणि त्यांनी आपली देणगी परत मागितली आहे. चाळीसपैकी बावीस खाटांचे पैसे त्यामुळे गेले. उरलेल्यांचे काय करावे, ते तेथे गेल्यावर ठरवू, असे तिने लिहिले आहे. पत्राच्या खाली त्याने एकच ओळ जोडली होती : "काका, त्या मुलाची आई आता कोठे आहे?"

मी पुढच्या आठवड्यात त्या गावी जाणार आहे. मुलगा आता चाळिशीत असेल. निरोपाची उपासना पेंटेकॉस्टनंतरच्या रविवारी आहे, शास्त्रपाठ वर दिला आहे तोच. त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी प्रार्थना करावी, ही विनंती.